पोर्शे ९२८: एसीत गॅस आहे, तरी हवा गरम! (आणि परत परत येणारी बाकीची दुखणी)

"अरे, ताक आंबलं."

काकांच्या फोनवर कधीकधी एवढंच वाक्य असतं आणि मला सगळं कळतं.

काका लुडविग्सबुर्गला राहतात, माझ्या घरापासून वीस मिनिटांवर. मूळचे कऱ्हाडचे. नोकरीच्या निमित्ताने जर्मनीत आले ते इथलेच झाले, आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी हौसेने १९९० सालची पोर्शे ९२८ एस४ घेतली, ऑटोमॅटिक गिअरची. या गाडीच्या ग्लव्ह बॉक्सलाही एसीची हवा लागते, तशी सोयच केलेली आहे. रविवारी फिरायला निघताना काकू त्यात ताकाची बाटली ठेवतात. ताक गार राहिलं तर एसी ठीक. आंबलं, की मी हत्यारांची पेटी काढतो.

त्या उन्हाळ्यात ताक तिसऱ्यांदा आंबलं होतं. आधीच्या दोन्ही वेळा एका गॅरेजने गॅस भरून दिला होता, बिलही भरभक्कम लावलं होतं. गॅरेजच्या दारात हवा बर्फासारखी गार, आणि उल्मच्या रस्त्याला आल्ब डोंगराचा चढ लागला की गरम. काका म्हणाले, "गॅस गळतोय रे, दुसरं काय?"

गॅस अजिबात गळत नव्हता. पण ते सांगण्याआधी ही गाडी कशी आहे ते थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं सगळं विचित्र वाटेल.

९२८ पहिल्यांदा दिसली १९७७च्या जिनिव्हा मोटार शोमध्ये. १९७८ची युरोपियन 'कार ऑफ द इयर' हीच. १९९५ पर्यंत बनत राहिली, एकूण सुमारे ६१ हजार गाड्या. पोर्शेच्याच ९११ची जागा ही घेईल असा तेव्हा बेत होता. ९११ अजून आहे, ही गेली. कोरा कागद हाती मिळाल्यावर इंजिनिअर काय करतात ते बघायचं असेल तर ही गाडी बघावी. व्ही-८ इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागे, आणि दोन्हींना जोडणारी एक जाडजूड नळी, तिच्या आत फिरणारा शाफ्ट. स्टिअरिंग वर-खाली केलं की मीटरची अख्खी पेटी त्याच्याबरोबर वर-खाली होते. मागच्या सीटवर बसणाऱ्यांनासुद्धा उन्हाच्या झडपा, म्हणजे मागे बसू शकणारा इतका लहान माणूस सापडला तर. हेडलाइट मिटलेले असले तरी झाकलेले नसतात, आभाळाकडे बघत पडलेले असतात.

इतक्या वर्षांत माझं एक मत झालंय. या गाडीत जवळजवळ कुठलीच गोष्ट दुसरीला सरळ जोडलेली नाही. मधे कुणीतरी मध्यस्थ असतो: हवेची नळी, रिले (विजेने चालू-बंद होणारा स्विच), काडी, पट्टा, पत्रा. बिघडतो तो मध्यस्थ आणि बदलला जातो शेवटचा भाग. म्हणून दुखणं परत येतं.

एसी: चढावर गरम, सिग्नलला गार

आधी हे बघा, तुमचं लक्षण हेच आहे का. गाडी उभी असताना किंवा सावकाश चालवताना हवा गार येते. पाय दाबला, चढ लागला, हायवेवर वेग धरला, की मधल्या जाळीतून येणारी हवा कमी होते, काचेकडे जायला लागते आणि कोमट-गरम होते. पाय काढला की दोन-चार मिनिटांत परत गार. असं असेल तर गॅस भरायला जाऊ नका. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तसला प्रकार होईल.

कारण असं. या गाडीतल्या हवेच्या झडपा मोटरने हलत नाहीत, व्हॅक्यूमने हलतात. इंजिन हवा आत ओढतं तेव्हा इनटेकमध्ये जी पोकळी तयार होते, ती बारीक नळ्यांतून डॅशबोर्डच्या मागे नेलेली आहे. तिथे विजेवर चालणाऱ्या छोट्या व्हॉल्व्हची रांग आहे. तुम्ही बटण दाबलं की तो-तो व्हॉल्व्ह उघडतो आणि पोकळी एका डबीपर्यंत पोचते. डबीत रबरी पडदा असतो, तो आत ओढला जातो आणि त्याला जोडलेली काडी झडप हलवते. हीटरला गरम पाणी देणारा व्हॉल्व्हही याच कुटुंबातला, आणि सगळी गोम त्याच्यात आहे. व्हॅक्यूम मिळाला तर तो बंद होतो, नाही मिळाला तर उघडा राहतो. थंडीत यंत्रणा बिघडली तरी माणूस गारठू नये, असा हिशोब असावा. जर्मन हिवाळ्यात तो बरोबरच आहे. जुलैत मात्र काय होतं बघा: एसी जीव तोडून हवा गार करतो आणि शेजारीच नव्वद अंशांचं पाणी तीच हवा परत तापवतं.

आता चढावर का आणि सिग्नलला का नाही? इंजिन नुसतं घुरघुरत असताना थ्रॉटल (इंजिनला हवा देणारी झडप) जवळजवळ मिटलेला असतो, व्हॅक्यूम भरपूर असतो. कुठे बारीक गळती असली तरी निभावून जातं. पाय दाबला की थ्रॉटल उघडतो आणि व्हॅक्यूम पडतो. तेवढ्या वेळापुरता साठा धरून ठेवायला एक टाकी आणि एकाच दिशेने हवा जाऊ देणारा छोटा व्हॉल्व्ह दिलेला आहे. पण पडदा फाटका असेल तर साठा क्षणात संपतो, पाण्याचा व्हॉल्व्ह उघडतो आणि ताक आंबतं. गॅरेजवाला तपासतो ते उभ्या गाडीवर. त्याला हवा गारच मिळते, आणि मधल्या काळात त्याने गॅस भरलेला असतो, मग त्याला वाटतं आपण दुरुस्त केली.

शोधायचं कसं? हाताने चालवायचा व्हॅक्यूम पंप घ्या, काटा असलेला. फार महाग नसतो आणि ही गाडी बाळगायची तर स्क्रू ड्रायव्हरइतकाच गरजेचा आहे.

पहिली चाचणी बॉनेट उघडून. इंजिनच्या मागच्या अंगाला, पुढच्या काचेखालच्या भिंतीजवळ हीटरच्या पाइपात तो व्हॉल्व्ह सापडेल. त्याची बारीक नळी काढा, त्या जागी पंप लावा, चार-पाच वेळा दाबा. काडी हललेली दिसली पाहिजे आणि काटा जागेवर टिकला पाहिजे. आता पंप तसाच ठेवून एसी चालू करा. हवा गार झाली आणि गारच राहिली, तर एसी, गॅस, कॉम्प्रेसर सगळं निर्दोष. चोर नळीच्या पलीकडे आहे. काटा मात्र इथेच घसरला तर हा व्हॉल्व्हच गेला, आणि तो जुना प्लास्टिकचा असेल तर तसाही बदलून टाका. किंमत किरकोळ. तडकला की कूलंट सगळं रस्त्यावर जातं, आणि मग मात्र खर्च किरकोळ राहत नाही.

दुसरी चाचणी गाडीच्या आत. डॅशबोर्डखालची झाकणं काढून व्हॉल्व्हच्या रांगेपर्यंत पोचा. तिथून प्रत्येक डबीला एक-एक नळी जाते. एक नळी काढायची, पंप लावायचा, काट्याकडे बघायचं. नळ्यांना आधी चिकटपट्टी लावून नंबर द्या. "लक्षात राहील" असं मीही म्हणालो होतो. नाही राहत.

काकांच्या गाडीत तीन डब्यांनी काटा धरून ठेवला. चौथीला पंप दाबला तर काटा वरच येईना, आणि कान जवळ नेला तेव्हा आतून बारीक 'सस्स' ऐकू आलं. साडेतीन दशकं उन्हातान्हात काढलेलं रबर. बोट लावल्यावर पापडासारखं मोडलं. ते नळीचं तोंड एका रबरी बुचाने बंद केलं, बाकीच्या नळ्या जागच्या जागी लावल्या आणि आल्बचा चढ चढून आलो. मधल्या जाळीत लावलेला थर्मामीटर शेवटपर्यंत हलला नाही. काका काही बोलले नाहीत, फक्त एसीचा पंखा एक घर कमी केला.

बुचाचा उपाय तात्पुरता, कारण ती एक झडप मग हलत नाही. कायमसाठी अख्ख्या डब्या बदलायची गरज नाही. नुसते पडदे वेगळे मिळतात. गुडघ्यापाशी हात पोचतो त्या डब्यांचं काम तासाभराचं. एक-दोन मात्र डॅशबोर्डच्या पोटात आहेत, तिथे शनिवार-रविवार गेला असं समजा. आणि एकाचा पडदा गेला म्हणजे बाकीचे त्याच वयाचे आहेत हे विसरू नका. उघडलंच आहे तर सगळे बदला. व्हॉल्व्हच्या रांगेतल्या रबरी रिंगाही त्याच वेळी.

इलेक्ट्रिकची भुतं

"पाऊस पडला की माझी पॉवर विंडो बंद", "उजवा इंडिकेटर दिला की रेडिओ मंद होतो", "काल सगळं ठीक होतं". या गाडीबद्दल असल्या तक्रारी इतक्या ऐकल्यात की ऐकताऐकताच पाना हातात घेतो. भूतबीत काही नसतं. पंचाहत्तर टक्के वेळा अर्थिंग, उरलेल्यात रिले. हा आकडा मी माझ्या अनुभवावरून ठोकून दिलाय, कुठे मोजलेला नाही.

बॅटरी कुठे आहे हे आधी माहीत हवं. पुढे नाही. मागे डिक्कीत, हत्यारांच्या ट्रेखाली. तिथून अर्थिंगचा एक जाड पट्टा बॉडीला बोल्टने जोडलेला आहे. इंजिन पुढे, ते रबरी माउंटांवर बसलेलं, त्याला बॉडीशी जोडायला वेगळा पट्टा. म्हणजे सेल्फ मारताना जो प्रचंड करंट लागतो, तो परतीच्या वाटेवर अख्ख्या गाडीची लांबी चालून जातो आणि वाटेत दोन-चार गंजके बोल्ट भेटतात.

मल्टिमीटरने असं मोजा. व्होल्टवर ठेवा, काळी तार बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, लाल तार इंजिनच्या स्वच्छ धातूवर. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आदर्श म्हणजे शून्याच्या जवळ, ०.२ ते ०.३ व्होल्टपर्यंत चालेल. त्याच्यावर गेलं तर अर्थिंगमध्ये दोष आहे, नवी बॅटरी घालून काही होणार नाही.

इथे माझा एक मूर्खपणा सांगून टाकतो. मी काकांचा मागचा पट्टा काढला, त्याचं टोक पॉलिश पेपरने घासून आरशासारखं केलं, बोल्ट घासला, ग्रीस लावलं, घट्ट आवळलं. मीटर लावला तर ०.९ व्होल्ट, आधीपेक्षा जास्त! अर्धा तास डोकं खाजवलं. शेवटी काकांनीच टॉर्च धरून विचारलं, "अरे, पण खालचा रंग काढलास का?" बॉडीवर पट्टा बसतो तिथे कुणीतरी पूर्वी गंजरोधक रंग मारला होता आणि मी चकचकीत टोक त्या रंगावर आवळलं होतं. पूर्वी बोल्टाच्या आट्यांवरच्या गंजातून थोडाफार करंट जात होता, मी ग्रीस लावून तीही वाट बंद केली. रंग खरवडल्यावर ०.१. तेव्हापासून मी धातू घासताना दोन्ही बाजू घासतो आणि ग्रीस आवळून झाल्यावर वरून लावतो.

मागचा पट्टा, मग इंजिनचा पट्टा, मग हेडलाइटजवळचे, टेललाइटजवळचे आणि डॅशबोर्डखालचे अर्थिंगचे गुच्छ, या क्रमाने जा. एकेक बोल्ट उघडून घासायचा. कंटाळवाणं काम आहे. एक सकाळ आणि दोन कप चहा.

मग रिले. फ्यूज आणि रिलेंचा मोठा बोर्ड ड्रायव्हरशेजारी बसणाऱ्याच्या पायांखाली आहे, गालिचा आणि पाय टेकायची फळी काढली की दिसतो. जागा सोयीची, पण पुढच्या काचेच्या रबरातून किंवा एसीच्या तुंबलेल्या पाइपातून पाणी आलं तर ते पायांपाशीच येतं. म्हणून पावसाचा आणि पॉवर विंडोचा संबंध. गालिचा वरून कोरडा लागला तरी खालचा फोम दाबून बघा. ओला असेल तर आधी पाणी थांबवा, वायरिंगला नंतर हात लावा.

बॅटरी सोडवून प्रत्येक रिले काढायचा, पाय घासायचे, परत बसवायचा. आधी फोटो काढून ठेवा. जास्त भार वाहणाऱ्या रिलेंचं झाकण उघडून भिंगातून सोल्डर बघा: पायाभोवती केसासारखी गोल चीर दिसली की तो गाडी तापल्यावर दगा देणारा. गार असताना टेबलावर तपासला तर पास होतो, म्हणूनच सापडत नाही.

एक खास प्रकार वेगळा सांगायला हवा, कारण त्यात माणसं हजारो युरो घालवतात. गाडी सुरू झाली, इंजिन छान, पण एसीचा पंखा, हेडलाइट, वायपर सगळं एकदम बंद. दहा मिनिटांनी आपोआप चालू. सेल्फ मारताना बॅटरीवर ताण नको म्हणून हे मोठे भार तेवढ्या क्षणापुरते तोडायची व्यवस्था आहे. किल्लीमागचा स्विच झिजला की सेल्फ मारून झाल्यावर किल्ली पूर्ण मागे येत नाही, एक केसभर पुढे राहते, आणि गाडीला वाटतं अजून सेल्फच चालू आहे. असं झालं की किल्ली बोटाने अगदी हलकेच मागे ढकला. सगळे दिवे एकदम लागले तर निदान झालं. नवा स्विच घाला, बाकी कशालाही हात लावू नका.

मीटरचे दिवे स्टिअरिंग वर-खाली केल्यावर फडफडत असतील तर त्या हलत्या पेटीच्या मागचे कनेक्टर आणि वायरी आधी बघा. पेटी हलते म्हणजे वायरीही हलतात, साधा हिशोब.

अर्धं इंजिन

१९८९च्या मॉडेलपासून पुढच्या गाड्यांचं हे दुखणं. चालत्या गाडीत अचानक दम जातो, इंजिन थरथरतं, गाडी ओढत नाही. घाबरून बाजूला घेता, बंद करता, परत सुरू करता, तर काही झालंच नाही अशी चालते. मग महिनाभर शांत.

या व्ही-८ला ठिणगीसाठी दोन कॉइल आणि ती ठिणगी सिलिंडरांना वाटणारे दोन डिस्ट्रिब्युटर आहेत. एक १, ७, ६, ४ हे सिलिंडर सांभाळतो, दुसरा ३, २, ५, ८. एका अर्ध्याला ठिणगी मिळाली नाही तर न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर साफ करणाऱ्या डब्यात) जाऊन तो पेटेल, म्हणून एक पहारेकरी बसवलाय: एक्झॉस्टमध्ये दोन तापमान सेन्सर आणि त्यांची तुलना करणारा एक रिले. एक बाजू थंड पडलेली दिसली की तो त्या चार सिलिंडरांचं पेट्रोल तोडतो. कल्पना उत्तम. फक्त पहारेकऱ्याची वायर सैल झाली तरी तो पेट्रोल तोडतो.

रिलेवर छोटा लाल दिवा असतो, कुठल्या बाजूचं पेट्रोल तोडलं ते तो दाखवतो. म्हणून पुढच्या वेळी असं झालं की गाडी बंद करायची घाई करू नका. सुरक्षित थांबा, इंजिन चालू ठेवून तो दिवा बघा. बंद केलीत की पुरावा गेला. मग त्या बाजूची कॉइल, कॉइलची जाड वायर, डिस्ट्रिब्युटरचं झाकण आणि रोटर तपासा. हे सगळं चांगलं निघालं तरच सेन्सर आणि त्याचा कनेक्टर. उलट क्रमाने जाऊ नका, आणि पहारेकऱ्याचा रिले काढून तार टाकून मोकळे तर मुळीच होऊ नका. नव्व्याण्णव वेळा तो खोटं बोलेल. शंभराव्या वेळी गाडीखाली आग लागेल.

हेडलाइट

हे सोपं आहे. दोन्ही हेडलाइटना मोटर एकच. तिच्यापासून काड्या दोन्हीकडे जातात. म्हणून एक डोळा उघडला आणि दुसरा मिटलेला राहिला तर मोटर नक्की चांगली आहे, काडी किंवा तिचा सांधा निसटलाय. दोन्ही उघडत नसतील तर फ्यूज, रिले, मग मोटर. मोटर फिरल्याचा आवाज येतोय पण दिवे हलत नाहीत, तर दातेरी चाकाचे दात गेले. आणि दिवे थांबायचं नाव न घेता वर-खाली, वर-खाली करत राहिले तर मोटरने कुठे थांबायचं ते सांगणारा संपर्क बिघडलाय. रात्री रस्त्यात अडकलात तर मोटरवर एक गुंडी आहे, ती हाताने फिरवून दिवे वर आणता येतात. फ्यूज आधी काढा, बोटं महत्त्वाची.

पट्टा

टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ राखणारा दातेरी पट्टा, सुमारे दोन मीटर लांब. तोच वॉटर पंपही फिरवतो. ३२ व्हॉल्व्हच्या इंजिनात तो तुटला किंवा दात सोडून सरकला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, आणि त्या बिलात दुसरी एखादी गाडी येईल.

"पट्टा तर परवाच बदलला, तरी ताण कमी झाल्याची सूचना परत का?" याची कारणं दोन. नवा पट्टा पहिल्या दीड-दोन हजार किलोमीटरमध्ये थोडा सैल होतो, तेव्हा एकदा परत ताणायचाच असतो. पुष्कळ जण हे विसरतात. दुसरं, इंजिन अॅल्युमिनियमचं, तापलं की वाढतं, आणि ते वाढणं सांभाळायला टेन्शनरमध्ये (पट्टा ताणून धरणाऱ्या भागात) उष्णतेने फाकणाऱ्या चकत्या आणि तेल आहे. बाहेरचं रबरी बूट फाटून तेल गळून गेलं की टेन्शनर नुसता लोखंडी ठोकळा. पट्टा बदलताना बूट नवं घाला, तेल भरा. ताण नेहमी थंड इंजिनवर आणि त्यासाठीच्या गेजनेच मोजायचा. बोटाने पिळून ताण बघणारे मिस्त्री मला माहीत आहेत. इतर गाड्यांवर त्यांचा हात बसलेला असेल, इथे नको.

वॉटर पंप जुना ठेवून नुसता पट्टा बदलणं ही बचत नाही.

ऑटोमॅटिकवाल्यांनो, हे वाचाच

मॅन्युअल गाडी असेल तर इथे थांबलात तरी चालेल.

ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टरही (क्लचच्या जागी असतो तो) मागे, गिअरबॉक्सपाशी आहे. पुढे इंजिनच्या मागच्या टोकाला एक लवचिक पोलादी पत्रा, त्याच्या मध्यभागी एक पकड, आणि त्या पकडीत लांब शाफ्टचं पुढचं टोक एका बोल्टने आवळलेलं. जोर लागला की शाफ्ट पिळला जातो, पकडीत केसाकेसाने सरकतो आणि परत जागेवर जात नाही. मग तो पत्र्याला पुढे दाबून धरतो, पत्रा क्रँकशाफ्टला (पिस्टन ज्याला फिरवतात तो इंजिनचा मुख्य दांडा) दाबतो, आणि क्रँकला पुढे-मागे आवरणारं थ्रस्ट बेअरिंग सतत एकाच बाजूने घासत राहतं. बेअरिंग संपलं की क्रँक ब्लॉकलाच खातो. ब्लॉक अॅल्युमिनियम-सिलिकॉन मिश्रधातूचा. तिथे गोष्ट संपते. बाहेर आवाज नाही, दिवा नाही, काही नाही. हे एकच दुखणं असं आहे की जे परत येतंय हे कळतच नाही.

तपासणी मात्र तासाभराची. गाडी सुरक्षित उचलून ठेवा. बेलहाउसिंगचं (इंजिनच्या मागच्या टोकाचं कवच) खालचं झाकण काढा, इंजिन हाताने फिरवून पकडीचा बोल्ट खाली आणा. पकडीच्या कडेला शाफ्टवर मार्करने रेघ मारा. बोल्ट सैल करा आणि कान द्या. ताण साठलेला असेल तर 'टक्' असा आवाज होऊन पकड मागे उडी मारते. रेघेपासून किती सरकली ते मोजा. मग पत्रा मोकळा असतानाच क्रँकला डायल गेज लावून तो पुढे-मागे किती हलतो बघा. नव्या इंजिनला साधारण ०.११ ते ०.३१ मिलिमीटर, ०.४ ही शेवटची मर्यादा. आवळताना बोल्ट नवा घाला आणि कारखान्याच्या पुस्तकात आहे त्याच टॉर्कवर, पान्याने अंदाजे नाही.

काकांच्या गाडीचं हे आम्ही गेल्या मार्चमध्ये केलं. मी खाली, काका खुर्ची टाकून बाजूला, हातात वही. बोल्ट सैल केला. आवाज आला नाही. रेघ जिथे होती तिथेच. गेजवर ०.२१.

"शून्य पूर्णांक एकवीस," काका लिहिताना मोठ्याने म्हणाले. "परत कधी बघायचं?"

"वीस हजार किलोमीटरनंतर, काका."

त्यांनी हिशोब केला, वर्षाला तीन हजार धरून. मग चष्मा काढून म्हणाले, "म्हणजे मी ब्याऐंशीचा होईन. तू तेव्हा खाली झोपशील ना?"